फणस, जांभूळ आणि गारंबी

आमच्या गावच्या घरामागं दोन झाडं होती. एक फणस आणि एक जांभूळ.

जांबोटीहून कणकुंबीकडं जाणारा रस्ता सोडून दीड-दोन मैल आत गेलं की आमचं गाव लागतं. गाव म्हणजे वीस-बावीस घरं, एक देऊळ, एक शाळा आणि चारी बाजूंनी रान. आमचं घर अगदी शेवटचं. मागचं दार उघडलं की गोठा, गोठ्यापलीकडं उकिरडा आणि तिथून दहा पावलांवर ही दोन झाडं. त्यांच्या पाठीमागून रान सुरू व्हायचं. फणस आजोबांनी लावलेला. जांभूळ कुणी लावलं नव्हतं. पाखरांनी टाकलेल्या बीतून ते आपलं आपण आलं होतं. आजी म्हणायची, "दोन्ही एका वयाची. तुझ्या आप्पाच्या लहानपणी दोन्हींचे शेंडे बरोबरीला होते."

मला कळायला लागलं तेव्हा मात्र जांभूळ फणसाच्या दीडपट झालेलं होतं. फणस खुजा, एका अंगाला कललेला, आणि त्याच्या डोक्यावर हिरव्या घोंगडीसारखी गारंबी पसरलेली. ज्यांनी गारंबी पाहिली नाही त्यांना तिची कल्पना देणं अवघड आहे. वेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं दुधी नाहीतर जाई येते. गारंबीचं बूड माणसाच्या मांडीएवढं होतं, पिळलेलं, सालपटं निघालेलं. ओहोळाच्या काठावरून ती निघाली होती. तिच्या शेंगा माझ्या कमरेपर्यंत पोचतील एवढ्या लांब, तलवारीसारख्या लोंबायच्या. आतल्या बिया तांबूस, गुळगुळीत आणि टणक. बी दगडावर घासून तापवायची आणि पुढच्या पोराच्या दंडाला हळूच टेकवायची, हा आमच्या शाळेतला आवडता उद्योग होता.

गारंबी फणसावरच का चढली आणि शेजारच्या जांभळावर का नाही, याचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळालं. ते अगदी साधं आहे. वेलीच्या ताणाला जाड बुंधा कवळता येत नाही, त्याला बारीक काटकी लागते. फणसाच्या बुडाशी करवंदीची जाळी होती. गारंबी जाळीवर चढली, जाळीवरून फणसाच्या खालच्या फांदीवर गेली आणि तिथून शेंड्याला पोचली. जांभळाचा बुंधा सरळसोट होता, खाली फांदी नव्हती. एवढाच फरक. त्यात फणसाचा दोष नव्हता आणि जांभळाचं कर्तृत्वही नव्हतं.

आता माणसांबद्दल सांगतो.

आमचे आप्पा प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांच्या पाठचा भाऊ, म्हणजे आमचे काका, मुंबईला नोकरीला. घरात आजी, आप्पा, आई, आम्ही तीन भावंडं, आत्ती आणि आत्तीच्या दोन मुली. आत्ती आप्पांची धाकटी बहीण. मी तीन वर्षांचा असताना नवरा गेला आणि ती दोन पोरी घेऊन माहेरी आली. ती आली ती गावच्या घरी आली, म्हणजे आप्पांच्या घरी. मुंबईला एका खोलीत कोण कुणाला ठेवून घेणार? असं काही ठरलं नव्हतं, कुणी बोललंही नव्हतं. फणसाच्या बुडाशी जाळी होती, तशी आमच्या घराला ओसरी होती.

आत्ती बसून खाणारी नव्हती, हे मला आज लिहिता येतं. तेव्हा ते दिसत असूनही मी पाहिलं नाही. रान तिला पाठ होतं. दिवाळीनंतर ती शिकेकाईच्या शेंगा काढायला जायची. अंगाखांद्यावर काट्यांचे ओरखडे घेऊन यायची, शेंगा वाळवायची आणि खानापूरच्या बाजारात विकायला पाठवायची. कुणाला ताप आला की गुळवेल आणायची. आषाढी एकादशीचा उपास सोडायला द्वादशीला वाघाटीची भाजी लागते, ती फळं हमखास आणणारी तीच. एकदा मे महिन्यात मला घेऊन ती लांब रानात गेली होती. पाणी संपलं. तिनं उक्षीचं मनगटाएवढं जाड खोड तोडलं, तुकडा उभा धरला आणि म्हणाली, "आ कर." त्यातून पाणी गळत होतं. शिकेकाई, गुळवेल, वाघाटी, उक्षी. आता मोजायला बसलो तर लक्षात येतं, आत्तीनं घरात आणलेलं सगळं वेलींचं होतं.

पण मला जे दिसायचं ते निराळं होतं. काका दर वर्षी मे महिन्यात यायचे. टेरिलीनचा शर्ट, मनगटावर घड्याळ, आमच्यासाठी पेपरमिंटच्या गोळ्या. १९७३ साली त्यांनी डोंबिवलीला जागा घेतली. आप्पांच्या धोतराला ठिगळ असायचं. आप्पा बुद्धीनं काकांपेक्षा हुशार, असं गावातली जुनी माणसं सांगायची. व्हर्नाक्युलर फायनलला ते तालुक्यात वर आले होते म्हणे. मग एक भाऊ एवढा वाढला आणि दुसरा का खुजा राहिला? उत्तर मला फणसावर लिहिलेलं दिसायचं.

१९७६ साली मी बेळगावच्या कॉलेजातून बी. एस्सी. झालो. विषय वनस्पतिशास्त्र. पुढं धारवाडला विद्यापीठात एम. एस्सी.ला जायचं मनात होतं. आप्पांनी नुसतं एवढंच म्हटलं, "बघू." आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होता. आत्तीच्या थोरलीचं लग्न होऊन ती वाळपईला गेली होती. धाकटीचं व्हायचं होतं आणि तिच्यासाठी पोस्टात थोडे पैसे साठत होते. त्यांना हात लावायचा प्रश्न नव्हता.

त्या मे महिन्यात एका संध्याकाळी ओसरीवर आप्पा, काका, मी आणि रानखात्यातले एक गार्ड बसलो होतो. गार्ड हुबळीकडचे, घरात कन्नड बोलणारे. आप्पांशी त्यांचा स्नेह जुना. दोघं निम्मं मराठी, निम्मं कन्नड बोलत. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो. बोलता बोलता काकांनी विचारलं, "यंदा फणस खायला मिळाला नाही. झाडाला धरलेत तरी किती?"

"दोन," आप्पा म्हणाले.

गार्डमामा हसले. "मास्तर, ती बळ्ळी काढून टाका. आमच्या खात्यात सागाच्या प्लॉटात आम्ही पहिलं काम तेच करतो. बळ्ळी तोडायची, मग झाड सुटतं."

तेव्हा मी बोललो. वय एकवीस, डोक्यात धारवाड. मी म्हणालो, "तोडायलाच पाहिजे. ह्या घराचं तरी दुसरं काय झालंय? आप्पांना वेलींनी खाल्लं."

काका मोठ्यानं हसले. पोरगा शिकून हुशार झाला असं त्यांना वाटलं असावं. आप्पा काही बोलले नाहीत. दारात चहाचे पेले घेऊन आत्ती उभी होती.

तिनं पेले खाली ठेवले आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मागून घाव घातल्याचा आवाज आला. मी उठून गेलो तर आत्ती कोयता घेऊन गारंबीच्या बुडाशी बसलेली. काम तिनं नीट केलं होतं. एकाच ठिकाणी न तोडता दोन ठिकाणी घाव घातले होते, हातभर अंतर सोडून, आणि मधला ओंडका बाजूला काढला होता. वरच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं. मला बघून ती म्हणाली, "वरचा वेल ओढू नका कुणी. ओढला तर फांद्या मोडतील. आपोआप वाळू दे."

पंधरा दिवसांत आत्ती धाकटीला घेऊन थोरलीकडं वाळपईला गेली. थोरलीला दिवस राहिलेत, मदतीला माणूस पाहिजे, असं कारण सांगितलं. कारण खरंही होतं. पण ती परत आली नाही. धाकटीचं लग्नही थोरल्या जावयानंच तिकडं जमवलं. पोस्टातले पैसे तसेच राहिले होते. १९७७ च्या जूनमध्ये ते पैसे घेऊन मी धारवाडला गेलो.

आणि फणस? पहिल्या वर्षी गारंबीची पानं वाळून गळाली, नुसती जाळी राहिली. दुसऱ्या पावसाळ्यात फणसाला चहूकडून नवी पालवी आली. १९७९ साली त्याला एकोणीस फणस लागले. सुटीला गेलो तेव्हा मी स्वतः मोजले. आईनं सांदणं केली. ताटात ती वाढल्यावर आप्पा थोडा वेळ तसेच बसून राहिले आणि मग जेवले.

पुढं मी बेळगावला हायस्कुलात मास्तर झालो. चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. वेलींवरचा धडा दर वर्षी यायचा. ताणे, काटे, मुळं, पीळ, असे वेलीचे प्रकार. डार्विननं आजारपणात खोलीत पडल्या पडल्या वेलींचे शेंडे कसे फिरतात ते तासन्‌तास पाहिलं आणि १८६५ साली त्यावर मोठा निबंध लिहिला, हे मी पोरांना रंगवून सांगायचो. वेल खोडावर खर्च करत नाही, हेही सांगायचो. झाडाला उभं राहायला लाकूड लागतं, वर्षानुवर्षं ते लाकूड घालत बसतं. वेल ती कमाई दुसऱ्याच्या खांद्यावर टाकते आणि आपली सगळी शक्ती पानांत घालते. म्हणून मनगटाएवढ्या खोडाची वेल एका मोठ्या झाडाचा शेंडा झाकू शकते. हे सांगताना ओसरीवरचं ते वाक्य मला दर वर्षी आठवायचं आणि मी फळ्याकडं तोंड करून उभा राहायचो.

निवृत्तीनंतर, २०१६ साली, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पनामातल्या एका प्रयोगाची हकीकत छापून पाठवली. तो आता संशोधनात आहे. "सर, तुमच्या आवडीचा विषय," असं वर लिहिलं होतं. त्याला काय माहीत!

पनामाचा कालवा काढताना चाग्रेस नदी अडवून गाटुन नावाचा मोठा तलाव केला. पाणी चढलं आणि रानातली एक टेकडी बेट होऊन राहिली. ते बारो कोलोराडो बेट. उष्ण कटिबंधातल्या रानाचा एवढा बारकाईनं अभ्यास जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. तिथंच जवळ, तलावाच्या काठच्या जमिनीवर, स्टीफन श्निट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानाचे सोळा तुकडे आखले. प्रत्येक तुकडा ८० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद. २०११ साली त्यांतल्या आठ तुकड्यांतल्या सगळ्या वेली बुडाशी तोडल्या आणि आठ तुकडे होते तसे ठेवले. तोडलेल्या वेली झाडांवरून ओढून काढल्या नाहीत. फांद्या मोडू नयेत म्हणून जागच्या जागी वाळू दिल्या. हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. आत्तीनं पस्तीस वर्षं आधी तेच सांगितलं होतं.

पुढची पहिली तीन वर्षं मोजमाप झालं आणि २०१५ साली निष्कर्ष छापून आले. रान हवेतला कार्बन ओढून लाकडात साठवतं. वेली असलेल्या तुकड्यांत ही निव्वळ साठवण वेली तोडलेल्या तुकड्यांपेक्षा वर्षाला सुमारे ७६ टक्के कमी भरली. वेलींनी स्वतः साठवलेलं धरूनही हा तोटा भरून निघत नव्हता, कारण वेलीकडं लाकूड थोडं आणि पानं फार. पुढच्या पाहण्यांत असंही दिसलं की, वेली काढलेल्या तुकड्यांत जास्त झाडांना फुलं-फळं येतात. म्हणजे आमच्या फणसाचे दोनाचे एकोणीस झाले, त्यात नवल नव्हतं. गार्डमामाही खरं बोलले होते आणि विज्ञानाच्या हिशोबानं ओसरीवरचा एकवीस वर्षांचा पोरगाही.

पण मी पुढं वाचत गेलो. विद्यार्थ्यानं आणखी काही निबंध पाठवले, आणि त्यांत मला जे सापडलं त्यासाठी हा लेख लिहितो आहे.

रानात एखादं मोठं झाड पडलं की छताला भोक पडतं आणि खाली ऊन येतं. तिथं रोपट्यांची शर्यत लागते. पडलेल्या झाडाबरोबर त्याच्यावरच्या वेलीही खाली येतात, पण झाड मरतं तशा त्या मरत नाहीत. बहुतेक वेली जमिनीवर आडव्या पडूनही पुन्हा फुटतात आणि सगळी मोकळी जागा व्यापतात. बारो कोलोराडोवर अशा जागा तपासल्या तेव्हा असं दिसलं की, जिथं वेलींचा गुंता दाट, तिथं सावलीत सावकाश वाढणारी झाडं कमी. पण उन्हात झटपट वाढणारी झाडं मात्र जास्त. आपल्याकडचा चांदाडा जसा दोन-तीन पावसाळ्यांत सरळ वर निघून जातो, तशी ती झाडं. वेलीनं सगळ्यांवर सारखा भार टाकला नव्हता. जे सावकाश वाढत होतं ते तिच्या हाती सापडलं. जे निसटलं त्याला सापडलेल्याच्या वाटणीचं ऊन, पाणी आणि जागा मिळाली. उन्हाळ्यात तर फरक आणखी वाढतो. पनामातच कोरड्या दिवसांत वेली झाडांच्या सातपट वाढलेल्या आढळल्या, पावसाळ्यात फक्त दुप्पट. झाडाची सगळ्यात ओढगस्तीची वेळ ती वेलीची वाढीची वेळ.

म्हणजे वेल आणि झाड असा हा दोघांचा हिशोब नाहीच. तो तिघांचा आहे. वेल, वेल वागवणारं झाड आणि वेल न वागवणारं झाड. रानाचं रूप ठरतं ते या तिसऱ्यामुळं. शंभर वर्षांनी तिथं कुठली झाडं राहतील हे नुसतं कोण किती जोमदार यावर ठरत नाही. कुणाच्या बुडाशी करवंदीची जाळी होती, यावरही ठरतं. आणि एकाच वेलीचा भार सगळ्या जातींना सारखा जड होत नाही. काही जाती तो सोसतात, काही त्यानं मरतात.

चाळीस वर्षं मी एकच वाक्य घोळवत होतो, वेलींनी फणसाला खाल्लं. जांभळानं काय खाल्लं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. फणसाच्या वाटचं ऊन कुठं गेलं? सगळंच काही गारंबीनं घेतलं नव्हतं. जांभळानं त्या बाजूला मोठ्या फांद्या काढल्या होत्या आणि त्या मी लहानपणापासून रोज बघत होतो. ओसरीवर त्या संध्याकाळी आत्ती दारात उभी होती. पण जांभूळ तर माझ्याशेजारी बसून हसत होतं.

काकांवर राग म्हणून हे लिहीत नाही. काका मायाळू होते. दिवाळीला पन्नास रुपयांची मनीऑर्डर कधी चुकली नाही. म्हातारपणी एकदा डोंबिवलीला गेलो असताना मी धीर करून विषय काढला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मला कुणी मागितलंच नाही रे." ते खरं होतं. आप्पांनी मागितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. रानातल्या जांभळाला मान वळवून शेजारी बघता येत नाही, म्हणून त्याला बोल लावता येत नाही. माणसाला मान आहे. पण ती मान मलाही होती, आणि मी ती आत्तीकडं वळवली. सगळ्यात जवळ, सगळ्यात गरीब आणि उलटून न बोलणारी तीच होती.

आपल्या भागात झाड आणि वेल म्हटलं की पुढची उपमा लोकांच्या ओठांवर तयार असते. कुठली भाषा झाड, कुठली बळ्ळी, कोण कुणावर चढलं. सभांतून मी ती दोन्हीकडून ऐकली आहे. इथं मी ती आणणार नाही. उपमेनं एकदा माझ्या घरातलं माणूस घालवलं आहे.

शिवाय वेल म्हणजे नुसता भार, हेही पुरतं खरं नाही. आमच्या रानात शेकरू जमिनीवर न उतरता या झाडावरून त्या झाडावर जातं, त्यात वेलींचा वाटा मोठा आहे. उन्हाळ्यात झाडं बोडकी होतात तेव्हा पुष्कळ वेली हिरव्या असतात. त्यांची पानं, फुलं आणि फळं प्राण्यांना त्या ओढीच्या दिवसांत मिळतात. अमेरिका खंडातल्या बऱ्याच रानांत वेली वाढत चालल्याचं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नोंदलं गेलं आहे. ॲमेझॉनमधल्या वाढीची नोंद २००२ साली छापून आली तेव्हापासून त्याच्या कारणांवर वाद चालू आहे. दुष्काळ, हवेतला वाढता कार्बन, माणसानं रानात केलेली ढवळाढवळ, अशी निरनिराळी उत्तरं दिली जातात. जगात सगळीकडं तसंच आहे असंही नाही. म्हणून दिसली वेल की घाल घाव, असा सरसकट नियम शहाणी माणसं करत नाहीत. कुठल्या झाडावर, किती, आणि शेजारी कोण, हे आधी पाहावं लागतं.

आत्ती १९९९ साली वाळपईलाच गेली. तिच्या हयातीत मी चार-पाच वेळा तिला भेटलो. प्रत्येक वेळी ती फणसाची चौकशी करायची. मी सांगायचो, यंदा एवढे लागले. ती मान हलवायची. त्या वाक्याबद्दल मी कधी माफी मागितली नाही. मागायची म्हणजे ते वाक्य पुन्हा उच्चारावं लागलं असतं.

पनामाचा तो निबंध वाचल्यावर, २०१७ च्या मे महिन्यात, मी बस धरून वाळपईला धाकटीकडं गेलो. तीही आता साठीच्या घरातली, नातवंडांची आजी. जेवणं झाल्यावर मागच्या पडवीत बसलो होतो. मी तिला म्हणालो, "तुला एक सांगायचं राहिलंय. तुझ्या लग्नाचे पोस्टातले पैसे मी धारवाडला घालवले."

ती सुपारी कातरत होती. थांबली नाही. म्हणाली, "ठाऊक आहे की मला. आईनंच आप्पामामाला सांगून पाठवलं होतं, ते पैसे त्याला द्या म्हणून."

मला काही बोलता येईना.

"निरोप मीच लिहिला होता," ती म्हणाली. "तिला कुठं लिहायला येत होतं? आणि शेवटी काय लिहायला सांगितलं ते ऐकशील? फणस मोकळा केलाय, आता त्याच्या बुडाला शेणखत तेवढं घाला म्हणावं."

आप्पांनी मला हे कधीच सांगितलं नव्हतं. खत मात्र दर वर्षी पावसाच्या आधी ते स्वतः घालायचे, ते मला आठवलं.

आता गावच्या घरी माझा पुतण्या असतो. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून आसपासच्या रानात कोयता चालवताना दहा वेळा विचार करावा लागतो; पण आमची दोन झाडं आमच्याच परसात आहेत. गेल्या पावसाळ्यानंतर गेलो होतो. गारंबी पुन्हा आलेली आहे. मधल्या काळात ती दोनदा तोडली होती, तरी बुडातून फुटतच राहिली. या वेळी जमिनीपासून हातभरावर तिला दोन फाटे आले आहेत. एक फणसावर गेला आहे. दुसरा फाटा जांभळाशेजारी वाढलेल्या एका बारीक रोपट्यावरून जांभळाच्या खालच्या फांदीला पोचला आहे.

पुतण्यानं कोयता आणला होता. म्हणाला, "बुडातनंच उडवू काय काका?"

"थांब," मी म्हणालो. "आधी वर बघू."

दोघं मान वर करून बघत राहिलो. ऊन डोळ्यांवर येत होतं. फणसाचा शेंडा निम्मा झाकला होता. जांभळाला अजून फारसं काही झालं नव्हतं. ते पेलण्यासारखं होतं. उंचावर कुठंतरी शेकरू ओरडलं, पण दिसलं नाही.

"फणसावरचा फाटा तेवढा काढ," मी म्हणालो. "दुसरा राहू दे."

"आणि हा वरचा ओढून घेऊ काय खाली?"

"ओढू नको," मी म्हणालो. "आपोआप वाळू दे."